दहापैकी नऊ

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात मला एक एक्सेल शीट पाठवलं. ३१ घरं. पहिल्या कॉलममध्ये पत्ता, मग किंमत, बेडरूम, टॅक्स, ट्रेन स्टेशनपासून किती मिनिटं, आणि मग तीन कॉलम नुसते शाळांचे, एलिमेंटरी, मिडल, हाय. रेटिंग आठ किंवा वर असेल तर खाना हिरवा, सहा-सात पिवळा, त्याखाली लाल. तळाला टीप, "लाल दिसला की बघायलाच जायचं नाही". पोरगी अजून दोन वर्षांचीही नाहीये हो, डायपरमध्ये आहे, आणि बापाने तिच्या हायस्कूलला रंगसुद्धा देऊन टाकलाय.

मी हसले आणि मग जरा गप्पच बसले, कारण ११ वर्षांपूर्वी मी आणि नवऱ्याने अगदी हेच केलं होतं, एक्सेलऐवजी २०० पानी वही होती एवढाच फरक. ती वही अजून आहे माळ्यावर. त्यात एका पानावर एका घरापुढे मोठ्ठं लिहिलंय "९/९/१०!!!" आणि खाली दोन रेघा मारल्यात. स्वयंपाकघराबद्दल, छपराबद्दल, तळघरात पाणी येतं का याबद्दल एक अक्षर नाही. (येतं. अजून येतं.)

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. इथे अमेरिकेत सरकारी शाळेत ॲडमिशनला डोनेशन नाही, ओळख नाही, पोराचा इंटरव्ह्यू नाही, फक्त पत्ता लागतो. घर ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे जिल्हा नव्हे, एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारा विभाग) आहे तिथली शाळा तुमची, आणि डिस्ट्रिक्टमध्येही तुमची गल्ली ज्या शाळेच्या वाट्याला आलीये तीच एलिमेंटरी तुमची, शेजारच्या गल्लीला कदाचित दुसरी. फी शून्य. आता फी शून्य म्हणजे फुकट असं ज्याला वाटतं त्याने न्यू जर्सीतलं टॅक्सचं बिल एकदा हातात घेऊन बघावं. सरासरी घराचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात गेलाय, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, आणि त्यातला साधारण निम्मा शाळांना जातो. शिवाय घराच्या किमतीत शाळा आधीच धरलेली असते ती वेगळीच. सँड्रा ब्लॅक नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा १९९९ चा एक अभ्यास आहे, त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनच्या आसपासच्या गावांत शाळांच्या सीमारेषेच्या अगदी अलीकडची आणि अगदी पलीकडची घरं घेतली, म्हणजे परिसर तोच, रस्ता तोच, गाव तेच, फक्त शाळा वेगळी, आणि निघालं असं की ज्या बाजूच्या शाळेचे परीक्षेचे मार्क ५ टक्क्यांनी जास्त त्या बाजूचं घर साधारण अडीच टक्क्यांनी महाग. आजच्या न्यू जर्सीत ६ लाखांच्या घरावर अडीच टक्के म्हणजे १५,००० डॉलर झाले. आणि हे फक्त पाच टक्के मार्कांचे, बरं का.

तर आम्ही ते पैसे मोजले. लेक तीन वर्षांची होती. दोन वर्षांनी ती त्या नऊवाल्या शाळेत किंडरगार्टनला गेली, आम्ही पहिल्या दिवशी दारात उभं राहून फोटो काढले, आईला पाठवले, सगळं झालं. आणि त्याच हिवाळ्यात डिस्ट्रिक्टकडून ईमेल आली की एका भागात नवीन घरं झाल्यामुळे वर्गांत गर्दी झालीये, त्यामुळे पुढच्या सप्टेंबरपासून सीमारेषा बदलणार. नकाशा जोडला होता. आमची कॉलनी उचलून पलीकडच्या शाळेत टाकलेली. पलीकडच्या शाळेचं रेटिंग सहा.

काय सांगू त्या आठवड्याचं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २४ तासांत ३०० मेसेज, कोणी वकील शोधतंय, कोणी पिटिशन करतंय, एकाने तर हिशोब मांडला की आपल्या प्रत्येकाच्या घराची किंमत किती हजारांनी पडणार. मी पण होते त्यात, खोटं कशाला बोलू. मी स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये जाऊन माइकसमोर तीन मिनिटं बोलले. बोलून खुर्चीवर येऊन बसले तर माझ्यानंतर एक बाई उठली आणि म्हणाली, माझी दोन्ही मुलं त्या सहावाल्या शाळेत आहेत, तुम्ही सगळे तिच्याबद्दल असं बोलताय जसं काही तिथे साथ पसरलीये, तुमच्यापैकी किती जण आत येऊन बघून गेलात? कोणीच नाही. मी तर नाहीच. घर घेण्याआधी नऊवाली शाळासुद्धा मी आतून बघितली नव्हती, गाडीतून दोन चकरा मारल्या होत्या फक्त, आणि त्याही रविवारी.

नंतर मात्र मी नीट वाचायला बसले, की हा आकडा येतो कुठून. झिलोवर किंवा घरं शोधायच्या इतर बऱ्याच साइटवर घराच्या फोटोंखाली जो दहापैकी आकडा दिसतो तो ग्रेटस्कूल्स नावाच्या संस्थेचा असतो. सरकारी नाही, १९९८ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था आहे. कच्चा माल मुख्यतः राज्याच्या परीक्षांचा. कित्येक वर्षं तो आकडा म्हणजे जवळजवळ नुसते परीक्षेचे मार्क होते, २०१७ मध्ये त्यांनी पद्धत बदलून त्यात बाकी गोष्टी घेतल्या, २०२० मध्ये परत बदलली आणि मुलांची प्रगती किती झाली याला जास्त वजन दिलं. म्हणजे शाळेत काडीचाही फरक न पडता तिचा आकडा बदलू शकतो, फॉर्म्युला बदलला की झालं. आणि लोक त्यावर तीस वर्षांचं कर्ज काढतात.

पण माझी खरी अडचण फॉर्म्युल्याशी नाहीये. मार्क कशामुळे येतात याच्याशी आहे. १९६६ मध्ये इथे कोलमन रिपोर्ट नावाचा प्रचंड मोठा सरकारी अभ्यास झाला होता, सहा लाखांच्या आसपास मुलं, आणि त्यातलं सगळ्यांना टोचलेलं निरीक्षण हे की मुलांच्या मार्कांतला फरक शाळेपेक्षा घरामुळे जास्त पडतो. आईबाप किती शिकलेत, घरात पैसा किती, पुस्तकं किती. त्यानंतर साठ वर्षं लोक त्यावर भांडतायत, पण मूळ मुद्दा काही पुसला गेला नाही. आता आपल्या लोकांचं बघा ना. ज्या भागात दर दुसऱ्या घरात दोन इंजिनियर, पोरं चौथ्या वर्षापासून कुमॉनच्या क्लासला, शनिवारी गणिताचा वेगळा क्लास, रविवारी मराठी शाळा आणि अबॅकस, तिथल्या शाळेचं गणित ९० टक्के येणारच, शाळेने वर्षभर नुसते चित्रपट दाखवले तरी ८० येईल. मग त्या नऊमधलं शाळेचं किती आणि शनिवारच्या क्लासचं किती? रेटिंग तुम्हाला सांगतं की तुमचे शेजारी कोण असतील. शाळा काय करते ते त्याला तितकंसं माहीतच नसतं.

चॉकबीट नावाचं शिक्षणावरचं बातमीपत्र आहे, त्यांनी २०१९ मध्ये हेच आकडे घेऊन दाखवलं होतं की हे रेटिंग घर शोधणाऱ्यांना हळूच गोऱ्या आणि पैसेवाल्या वस्त्यांकडे ढकलतं. आपल्याकडे त्यात एक पोटप्रकार वाढवायला हरकत नाही, आपण एकमेकांना ढकलतो. "आमच्याकडे या, शाळा मस्त आहे" म्हणजे बऱ्याचदा "आमच्याकडे या, आपले लोक खूप आहेत".

मग बघायचं काय? भाच्याने हाच प्रश्न विचारला, जरा वैतागून. "मावशी, आकडा नको म्हणतेस तर मी ३१ घरं कशावर गाळू?" अरे आकडा नको म्हटलं नाही मी. दुसरा आकडा बघ म्हटलं.

स्टॅनफर्डला शॉन रिअर्डन म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टचे मार्क एका मापात आणून सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. त्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, एक म्हणजे मुलं कुठे आहेत, आणि दुसरी म्हणजे वर्षाला किती पुढे सरकतायत. पहिली जवळजवळ घरच्या पैशाच्या मागे मागे जाते. दुसरी तशी जात नाही. २०१७ मध्ये शिकागोचं उदाहरण फार गाजलं. शिकागोच्या सरकारी शाळा म्हटलं की लोक नाक मुरडतात, तिसरीतले मार्कही बऱ्यापैकी खाली, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत तिथली मुलं सहा वर्षांचं शिकून पुढे जात होती. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये असं दुसरीकडे क्वचितच दिसत होतं. आता त्या तिसरीच्या मार्कांवर कोणी शाळा नाकारली तर चूक कोणाची?

न्यू जर्सीत यासाठी स्टॅनफर्डपर्यंत जायचीही गरज नाही, राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट टाकतं, फुकट, कोणीही बघावा. त्यात ग्रोथ नावाचा भाग असतो. तुमच्या मुलाची तुलना मागच्या वर्षी त्याच्यासारखेच मार्क असलेल्या राज्यातल्या मुलांशी करतात, आणि शाळेतल्या सगळ्या मुलांचा मधला आकडा घेतात. ५० च्या आसपास म्हणजे नेहमीसारखी प्रगती. मी त्या वर्षी आमच्या दोन्ही शाळांचे रिपोर्ट शेजारी शेजारी उघडले. नऊवाल्या शाळेची ग्रोथ ४४. सहावालीची ५८. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, परत बघ, उलटं वाचलं असशील. उलटं नव्हतं.

हाही आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही हं. एका शाळेत चौथीला ६० पोरं, त्यातली दहा आजारी पडली, दोन शिक्षक बाळंतपणाच्या रजेवर, की आकडा हलला, म्हणून एका वर्षावर जाऊ नका, तीन-चार वर्षं बघा. त्यातही २०२० आणि २०२१ च्या वसंतात इथे परीक्षाच झाल्या नाहीत त्यामुळे मध्ये खड्डा आहे. आणि लहान गट असला की आकड्याच्या जागी नुसता तारा छापतात, मुलांची ओळख पटू नये म्हणून, त्या ताऱ्यावर भाचा अडकला होता, त्याला वाटलं शाळा काहीतरी लपवतेय.

त्याहून मजा म्हणजे त्याच्या शीटमधले चार लाल खाने लाल नव्हतेच. तिथे रेटिंगच नव्हतं. राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते, आणि बऱ्याच गावांत शाळा फक्त किंडरगार्टन ते दुसरीची असते, तिथे परीक्षाच नाही म्हणून आकडा नाही. याच्या फॉर्म्युल्याने रिकामा खाना शून्य धरला आणि लाल केला. चार घरं अशीच उडाली होती. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे हो, मोठ्या कंपनीत.

पत्त्याचा घोळही सांगते, कारण त्यात आपले बरेच जण फसलेत. लिस्टिंगवर, म्हणजे घराच्या जाहिरातीत, लिहिलेलं असतं प्रिन्स्टन, झिप कोड ०८५४०, मन हरखून जातं. पण तो पोस्टाचा पत्ता आहे, पोस्ट ऑफिस प्रिन्स्टनचं म्हणून, घर असतं साउथ ब्रन्सविकमध्ये, किंवा शेजारच्या आणखी कुठल्या टाउनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्याच गावात, आणि शाळाही तिथलीच. साउथ ब्रन्सविकच्या शाळा वाईट आहेत असं अजिबात नाही, पण तुम्ही काय विकत घेताय ते तुम्हाला माहीत तर पाहिजे. टॅक्स बिलावर कुठल्या टाउनशिपचं नाव आहे ते बघायचं, आणि मग डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून घराचा नंबर आणि रस्ता सांगून विचारायचं, की या घराला कुठली शाळा. लिस्टिंगमध्ये लिहिलेल्या शाळेवर जाऊ नका.

आणि रिअल्टरला, म्हणजे घराच्या दलालाला, विचारू नका, तो बोलणार नाही. भाच्याच्या बायकोला याचा फार राग आला होता, मला म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा, आम्ही त्या बाईंना एवढं साधं विचारलं की शाळा चांगली आहे का, तर त्या छताकडे बघत म्हणाल्या की ही वेबसाइट बघा, आणि विषय बदलून डिशवॉशर उघडून दाखवायला लागल्या." त्या बाई बिचाऱ्या कायदा पाळत होत्या. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार वंश, धर्म, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा एखाद्या वस्तीपासून तोडणं बेकायदेशीर आहे, आणि "चांगली शाळा" हा शब्द इथे कित्येक वर्षं दुसऱ्याच कशासाठी तरी वापरला गेलाय, त्यामुळे शहाणे रिअल्टर त्या शब्दाला हातच लावत नाहीत.

शाळा बघायची तर आत जाऊन बघायची. बहुतेक शाळा फोन केला तर वेळ देतात, सुरक्षेमुळे थेट आत घुसता येत नाही, ओळखपत्र दाखवायचं, स्टिकर लावायचं. एखाद्या शाळेने "ॲडमिशन झाल्याशिवाय नाही" म्हटलं तर तेही काहीतरी सांगून जातं, पण नुसतं त्यावरून काट मारू नका, कधी कधी खरंच माणसं कमी असतात.

मी सीमारेषा बदलल्यावर, म्हणजे घोडं न्हाल्यावर, सहावाल्या शाळेत गेले. नोव्हेंबर होता. नऊवाल्या शाळेच्या भिंतीवर मी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात २२ कागदी टर्की पक्षी बघून आले होते, हाताच्या पंजाच्या आकाराचे, सगळे सारखे, पिसांचे रंगसुद्धा त्याच क्रमाने, सुंदर, एकही कागद वाकडा नाही. इथे दुसरीच्या वर्गाबाहेर पोरांनी लिहिलेले कागद होते, प्रत्येकाचे दोन-दोन, एकाखाली एक. वरच्यावर पेन्सिलने लिहिलेलं, खाडाखोड, स्पेलिंगची वाट लागलेली, आणि बाजूला बाईंनी लिहिलेलं, "तू कुत्र्याला घेऊन कुठे गेलास ते मला कळलं नाही, सांगशील?" खाली तोच मजकूर दुसऱ्यांदा लिहिलेला आणि त्यात कुत्रा आजोबांच्या घरी गेलेला. मी त्या कुत्र्यापाशी बराच वेळ उभी होते. स्पेलिंग दुसऱ्या कागदावरही चुकलेलंच होतं.

प्रिन्सिपलबाईंना मी एकच प्रश्न विचारला, जो मला आमच्या ऑफिसमधल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलीने सांगितला होता, की एखादं मूल वाचनात मागे पडलं तर इथे नेमकं काय होतं? नऊवाल्या शाळेत याच प्रश्नाला उत्तर मिळालं होतं की आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार लक्ष दिलं जातं, आणि एक चकचकीत पत्रक. इथे बाई म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये आम्ही प्रत्येकाला एकेकटं बसवून वाचायला लावतो, ऑक्टोबरपर्यंत यादी होते, यादीतल्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अर्धा अर्धा तास वेगळं घेतो, सहा आठवड्यांनी परत बघतो, तरी हललं नाही तर मी तुम्हाला फोन करते. आणि मग म्हणाल्या, गेल्या वर्षी हे करायला तिघी होत्या, यंदा बजेटमुळे दोघीच आहेत, त्यामुळे यादी थोडी कडक झालीये. असं तोंडावर सांगणारा माणूस मला आवडतो.

आमची लेक त्या यादीत निघाली. पहिलीत. घरी गोष्टी घडाघडा वाचायची म्हणून आम्ही खूश होतो, पण त्या पाठ झालेल्या होत्या, नवीन पान दिलं की चित्र बघून ठोकून द्यायची. किंडरगार्टनचं अख्खं वर्ष ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आमच्याही नाही. तिसरीपर्यंत ती सुटली त्यातून.

सगळं गोडगोड नव्हतं हे पण लिहिते, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. गणित तिथे मुंगीच्या वेगाने चालायचं, चौथीत मी हिला शेवटी बाहेरचा क्लास लावलाच, म्हणजे त्या रेटिंगमधला एखादा दशांश माझ्या खिशातून गेलाय. एका वर्षी संगीताच्या बाई जानेवारीत सोडून गेल्या आणि जूनपर्यंत चार सबस्टिट्यूट झाले. शिक्षक किती टिकतात हे बघाच, फारसं कोणी विचारत नाही. रिपोर्टमध्ये शिक्षकांचा अनुभव आणि त्या डिस्ट्रिक्टमधली सरासरी वर्षं दिलेली असतात. मुलांच्या गैरहजेरीचं पानही बघा, २०१५ च्या केंद्रीय कायद्यानंतर बहुतेक राज्यं ते मोजतात, १८० दिवसांच्या वर्षात १८ किंवा जास्त दिवस बुडवलेली मुलं किती. मार्कांना क्लास लावून रंग देता येतो, हजेरीला नाही देता येत. पोरं आणि आईबाप शाळेला धरून आहेत की नाहीत ते त्यात दिसतं.

एक फॉर्म आठवला. नाव नोंदवताना विचारतात, घरी कुठली भाषा बोलता? मराठी लिहिलं की बऱ्याचदा मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात. आपले बरेच लोक घाबरून "इंग्लिश" लिहितात, घरात दिवसभर "अगं जेव ना" चाललेलं असताना. मराठी लिहा हो. चाचणीत घाबरण्यासारखं काही नसतं, आणि इंग्रजीला आधार लागत असेल तर तो हक्काने मिळतो. शिवाय त्या बाई हे कसं समजावतात त्यावरून शाळा कळते. आमच्या वेळी ऑफिसातल्या सेक्रेटरीबाईंनी मला ते मी विचारायच्या आधीच सांगितलं, वर विचारलं की मराठीत थँक यूला काय म्हणतात. मी सांगितलं आभारी आहे, पण आम्ही घरी कोणी म्हणत नाही. त्या खूप हसल्या.

आता दहापैकी दहाचं. सगळ्यांना दहा हवंय. सुनिया लुथर या संशोधक बाईंनी कित्येक वर्षं अशा वरच्या नंबरच्या शाळांतल्या मुलांचा अभ्यास केला आणि चिंता, नैराश्य, व्यसनं यांचं प्रमाण तिथे नेहमीपेक्षा जास्त दिसलं. आपल्या घराजवळचंच उदाहरण आहे, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ साली सुपरिंटेंडंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांच्या प्रमुखाने, पालकांना १६ पानी पत्र लिहिलं, की मुलांवर ताण फार झालाय, आणि हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढल्या, होमवर्क नसलेल्या रात्री ठरवल्या. त्यावर पालकांमध्ये सरळ दोन तट पडले, आपले लोक बऱ्याच अंशी एका बाजूला, न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेलं प्रकरण. मला दोन्ही बाजू कळतात. आपण दहावी-बारावीतून आलोय, आपल्याला परीक्षा काढली म्हणजे पायाखालची फरशी काढल्यासारखं वाटतं. पण ज्या शाळेत तुमचं हुशार मूल ४०० हुशार मुलांमध्ये कायम मधलं असणार, तिथे ते कसं राहील हे तुमच्या मुलाकडे बघूनच ठरवावं लागतं, आणि भाच्याची लेक अजून दोन वर्षांची पण नाहीये, तिचा स्वभाव कोणता हे तिलाच माहीत नाही. सध्या ती चपला फ्रिजमध्ये ठेवते.

शेवटी आम्ही दोघं शीट घेऊन बसलो, फोनवर, तो तिकडून मी इकडून. शाळांचे तीन कॉलम ठेवले पण रंग काढले. ग्रोथ घातली, चार वर्षांची. गैरहजेरी घातली. किंडरगार्टन पूर्ण दिवस आहे की अर्धा, कारण काही गावांत अजून अर्धाच आहे आणि दोघंही नोकरी करणार असतील तर तो अर्धा दिवस महिन्याला खिशातून किती जातो ते डेकेअरवाल्यांना विचारा. राज्याची मदत वाढतेय की घटतेय, कारण २०१८ च्या कायद्याने ती सात वर्षांत नव्याने वाटली गेली, काही डिस्ट्रिक्टना भरपूर मिळाली आणि काहींची दरवर्षी कापत गेली, आणि गावाला टॅक्स वर्षाला दोन टक्क्यांच्या वर सहज वाढवता येत नाही, त्यामुळे कापली की बस, लायब्ररीयन, वाचनाच्या बाई यांच्यावर येतं. ३१ घरांची नऊ झाली. त्यातली दोन जुनी लाल होती.

बघायला जाताना मी एवढंच सांगितलं की ओपन हाउस, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं, रविवारी असतं ते बघा, पण मंगळवारी शाळा सुटताना परत जा, आणि गाडीतून उतरा.

गेले दोघं, पोरीला घेऊन. भाच्याची बायको नंतर सांगत होती, शाळेसमोरच्या बाकावर बसले होते तर एक आजी आल्या, नातवाची वाट बघत, चिनी होत्या बहुतेक, इंग्रजी जेमतेम. यांनी विचारलं शाळा कशी आहे. आजींनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "तो सकाळी रडत नाही." मग बस आली आणि त्या उठून गेल्या.

त्या शाळेला आकडा नाही, किंडरगार्टन ते दुसरीच आहे. शुक्रवारी त्यांनी तिथल्याच एका घराला ऑफर दिली, शनिवारी मंजूर झाली, आता वकिलाच्या तपासणीचे तीन दिवस चालू आहेत. काल रात्री साडेअकराला फोन आला. "मावशी, ती बाउंडरी बदलणार तर नाही ना गं?" मी म्हटलं त्यांच्या बोर्डाच्या मीटिंगची इतिवृत्तं वेबसाइटवर असतात, त्यात वर्गांची गर्दी, नवीन कॉलन्या, लोकसंख्येचा अंदाज असले शब्द शोध. तो म्हणाला शोधतोच आहे, २०२३ च्या मार्चपर्यंत आलोय, चहा ठेवलाय, आणि इथे एक माणूस दर महिन्याला उठून फक्त पार्किंगबद्दल बोलतो.